फवारणी, खर्रा आणि ताटलीतल्या पेशी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कीटकनाशकांमुळे शरीरातील पेशींची हानी होऊन कर्करोग होतो, हे आता ‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे’ असे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. मी घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. ३३ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि आता चार एकर कोरडवाहू वावरात पऱ्हाटी (कपाशी) व तूर घेतो, त्यामुळे या विषयाशी माझा फळ्यापासून पंपापर्यंत संबंध आलेला आहे. लेख आमच्या गावात पानठेल्यावर मोठ्याने वाचला गेला. ऐकणाऱ्यांपैकी काही जण घाबरले, कृषी केंद्राचे मालक हसले, आणि जो वाचून दाखवत होता त्याने लेख संपल्यावर गालातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून दुसरा घोटायला सांगितला. लेखातील हेतूबद्दल मला शंका नाही, मात्र ‘सिद्ध’ या शब्दाबद्दल आहे.

प्रथम एक दुरुस्ती. लेखात २०१७ सालच्या यवतमाळ जिल्ह्यातील मृत्यूंचा उल्लेख कर्करोगाच्या ओघात केला आहे. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर फवारणी करताना विषबाधा होऊन दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, हे खरे. परंतु त्याचा कर्करोगाशी संबंध नव्हता. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे पेशीच्या केंद्रकाकडे न वळता थेट मज्जातंतूंवर घाला घालतात. एका मज्जातंतूचा निरोप पुढे पोहोचवून झाला की ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य मोडून टाकण्याचे काम कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) करते. ही विषे त्या विकराला जखडून ठेवतात, त्यामुळे निरोप थांबतच नाही, घाम व लाळ गळू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हा काही तासांचा मामला असतो व त्यावर ॲट्रोपिनसारखा उतारा आहे. कर्करोग व्हायला वर्षानुवर्षे लागतात. या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात कालवल्या तर वावरात चक्कर येऊन पडलेल्या मजुराला पंधरा वर्षांनंतरच्या आजाराची भीती वाटते आणि त्याच घटकेला, औषधाच्या बाटलीसकट, दवाखान्यात नेण्याची घाई मात्र राहून जाते.

आता प्रयोगशाळेकडे वळतो. रसायनाने पेशीचे काय बिघडते हे तपासण्याच्या पद्धती मोठ्या कल्पक आहेत आणि त्यांची माहिती लेखात यायला हवी होती. अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात साल्मोनेला जिवाणूचा असा वाण वापरला की ज्याला हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करता येत नाही. ते न घातलेल्या ताटलीत तो वाढत नाही. तपासायचे रसायन घातल्यावर ताटलीवर वसाहतींचे भरपूर ठिपके उमटले, तर त्या रसायनाने जिवाणूच्या जनुकात बदल घडवला आणि हरवलेली क्षमता परत आली, असा अर्थ होतो. त्यात उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळतात, कारण कित्येक पदार्थ पोटात जाताना निरुपद्रवी असतात आणि यकृताने त्यांच्यावर प्रक्रिया केल्यावर घातक होतात. दुसरी एक चाचणी मला फार आवडते. पेशी जेलीसारख्या थरात बसवून तिच्यातून विजेचा प्रवाह सोडायचा. डीएनए अखंड असेल तर तो गोळा होऊन जागेवर राहतो, तुटलेला असेल तर त्याचे तुकडे एका बाजूला वाहत जाऊन धूमकेतूसारखी शेपटी दिसते. आज सर्वत्र वापरतात ती तिची पद्धत नरेंद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. दहावीच्या मुलांना हे चित्र दाखवले की वर्ग शांत व्हायचा, आणि माझ्या वर्गात ते क्वचितच घडे.

परंतु शेपटी दिसली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीतील डीएनएला रोजच इजा होत असते आणि पेशी ती दुरुस्तही करत असते. दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली तर पी-५३ सारख्या प्रथिनांच्या आदेशावरून पेशी स्वतःचा शेवट करून घेते. कर्करोगाची वाट सुरू होते ती ही दुरुस्ती चुकल्यावर, बिघडलेली पेशी जिवंत राहिल्यावर आणि असे अनेक बिघाड एकाच वंशात साठल्यावर. शिवाय ताटलीतल्या पेशींना यकृत, मूत्रपिंड, त्वचा यांचे संरक्षण नसते. फार जास्त मात्रा दिली तर साध्या मिठानेही ताटलीतल्या पेशींची गुणसूत्रे तुटतात, म्हणून कोणी वरणात मीठ घालायचे थांबवत नाही. अमुक औषधाने पेशी मेल्या, ही बातमी किती मात्रेत, किती तासांत आणि कशाच्या पेशी, हे सांगितल्याशिवाय अर्धवट राहते.

फ्रान्समधील लियाँ येथे असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीचेही असेच होते. या संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेट हे तणनाशक आणि मॅलॅथिऑन व डायझिनॉन ही कीटकनाशके ‘माणसाला बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली. त्याच गटात रात्रपाळीचे कामही आहे. ही वर्गवारी पुरावा किती भक्कम आहे हे सांगते. तुमच्या वावरात तुम्हाला धोका किती, हे सांगत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ग्लायफोसेटचा कर्करोगाशी संबंध असण्याची शक्यता कमी आहे, असे मत दिले. वाचणाऱ्याला वाटते की दोघांपैकी एक जण विकला गेला आहे. मतभेदाची कारणे अनेक होती, त्यातले एक आमच्या कामाचे आहे. युरोपच्या संस्थेने मुख्यतः शुद्ध ग्लायफोसेट तपासले, तर लियाँच्या संस्थेने बाजारात बाटलीतून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांवरचे अभ्यासही विचारात घेतले. बाटलीत पानाला चिकटण्यासाठी व आत शिरण्यासाठी साबणासारखी द्रव्ये घातलेली असतात, आणि त्यांतील चरबीपासून बनवलेले एक द्रव्य पेशींना ग्लायफोसेटपेक्षा जास्त मारक असल्याचे दिसल्यामुळे युरोपने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या मिश्रणांत ते घालण्यावर बंदी घातली. आपल्या सरकारने २०२२ मध्ये ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक व्यावसायिकांनीच करावी असा नियम केला. चोरबीटीच्या, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या विनापरवाना कपाशीच्या, पट्ट्यात तो कोण पाळतो, हे आपल्या वार्ताहराला विचारावे.

माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा एका वेळी एक रसायन तपासले जाते. आमच्याकडे पंपात एक औषध कधीच नसते. बोंडअळीचे एक, रसशोषक किडींचे एक, पाते गळू नये म्हणून एक टॉनिक आणि कृषी केंद्रवाल्याने ‘सोबत हे पण टाका’ म्हणून दिलेले आणखी एखादे, असे तीन-चार पदार्थ एकाच बादलीत काडीने ढवळून भरले जातात. या बादलीतल्या द्रावणाने पेशीवर काय होते, हे त्यातील प्रत्येक घटकाचा वेगळा अहवाल वाचून कळणार नाही. एक औषध दुसऱ्याला मोडणारे यकृतातील विकर अडवून धरते, असे प्रकार ज्ञात आहेत. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या दोन गटांची जोडी त्यांपैकीच आहे, आणि तीच जोडी आमच्याकडे तयार बाटलीतही मिळते.

दुसरे मिश्रण गालात असते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा हा आमच्या भागात चहाइतका सर्रास आहे. इथे पुरावा ‘बहुधा’ या पायरीवर थांबलेला नाही. तंबाखूतील नायट्रोसामाइन्स या रसायनांपैकी दोन प्रमुख, धूरविरहित तंबाखू आणि तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा लियाँच्या त्याच संस्थेने पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात ठेवली आहे. सुपारीचा निर्णय २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते, त्या लाळेत सुपारीतील द्रव्यांपासून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात व ते गालाच्या अस्तरातील पेशींचा डीएनए तोडतात. तोंड उघडेनासे झालेली पंचविशीतली मुले आमच्या गावात आहेत. त्यांच्यासाठी वेगळी पुरवणी काढलेली मला आठवत नाही.

फवारणी करणाऱ्या मजुराच्या गालाच्या पेशी तपासल्या आणि त्यांत बिघाड सापडला, तर तो पंपामुळे की खर्ऱ्यामुळे? हा प्रश्न न विचारता केलेला कोणताही अभ्यास विदर्भात निरुपयोगी ठरेल. कीटकनाशकांचा दोष नसताना त्यांच्यावर आळ येईल, किंवा कंपनीचा वकील सगळे खर्ऱ्याच्या माथी मारून मोकळा होईल. उलट, हा प्रश्न नीट विचारला तर जगात अन्यत्र सहज न मिळणारे उत्तर आमच्या तालुक्यात मिळू शकते. चाचणी साधी आहे. लाकडी काडीने गाल हलकेच खरवडायचा, पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मुख्य केंद्रकाशेजारी तुटक्या गुणसूत्राचे छोटे केंद्रक दिसते का, ते मोजायचे. गालाचे अस्तर एक ते तीन आठवड्यांत नवे होत असल्यामुळे आज काढलेला नमुना गेल्या काही आठवड्यांची हकिगत सांगतो. फवारणी करणारे व खर्रा खाणारे, फवारणी करणारे व न खाणारे, आणि फवारणी न करणाऱ्यांतले तसेच दोन, अशा चार गटांचे नमुने एकदा पेरणीपूर्वी आणि एकदा ऐन फवारणीत घेतले, की बिघाड हंगामाबरोबर वाढतो की वर्षभर सारखाच राहतो, हे दिसू लागेल. सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे, यवतमाळला आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. सूक्ष्मदर्शक कुठेच कमी नाहीत.

त्याच वेळी दंडातून थोडे रक्त घेऊन कोलिनेस्टरेजही मोजावे, असे मी सुचवतो. या विकराचे प्रमाण माणसागणिक इतके वेगळे असते की ऑक्टोबरातला एकच आकडा फारसे काही सांगत नाही. त्या माणसाचा फवारणीआधीचा आकडा हाताशी लागतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून अशी औषधे हाताळणाऱ्या मजुरांचा आधीचा आकडा नोंदवून ठेवण्याचा नियम आहे, आणि तांबड्या पेशींतील विकर मूळच्या ७० टक्क्यांवर उतरले की मजुराला त्या कामावरून दूर ठेवावे लागते. आमच्याकडे मजूर रोजीवर असतो, आज या धुऱ्यावर तर उद्या त्या, त्यामुळे मालकावर जबाबदारी टाकून भागणार नाही. ही नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हावी लागेल.

आपल्या दैनिकाकडून अपेक्षा एवढीच की हा विषय पुन्हा छापाल तेव्हा मात्रा, मिश्रण आणि खर्रा यांवाचून तो छापू नये, आणि वर नावे घेतलेल्या संस्थांपैकी कोणाची असा अभ्यास करण्याची तयारी आहे का, हे आपल्या प्रतिनिधीमार्फत विचारून पाहावे. आमच्या गावातील चार गटांची यादी मी स्वतः करून देईन. त्यांपैकी तीन गट एका संध्याकाळी पानठेल्याजवळ बसून जमतील. फवारणी करणारे आणि खर्रा न खाणारे शोधायला मात्र आजूबाजूची पाच-सहा गावे फिरावी लागतील, म्हणून मृगाच्या आधी कळवावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ