डबा उघडला त्या दिवशीच फिगरची परीक्षा होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे विज्ञानकथांमधल्या चिलखतधारी सैनिकांच्या संग्राह्य फिगर्सची, म्हणजे हातपाय हलणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या पुतळ्यांची, परीक्षणं येत आहेत. मराठी वृत्तपत्राने या छंदाला जागा दिली, याचं मनापासून स्वागत. तक्रार आहे ती परीक्षणाच्या पद्धतीबद्दल. डबा उघडायचा, चार फोटो काढायचे, ‘रंगकाम सुबक’, ‘जॉइंट (सांधे) भरपूर’ असं लिहायचं आणि पाचपैकी साडेचार तारे देऊन मोकळं व्हायचं, हे डब्याचं परीक्षण झालं. ती फिगर कपाटात सहा महिने उभी राहिली, त्यातले दोन महिने आपल्याकडचे एप्रिल-मे असले आणि त्याच खोलीत कूलर चालू असला, तर तिचं काय होतं हे इथल्या वाचकाला हवं आहे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. थंड देशातल्या परीक्षणाची री ओढून इथे भागत नाही.

आधी उंचीचा गोंधळ. परीक्षणात ‘सहा इंची’ असं लिहिलेलं असतं. ते मालिकेचं नाव असतं, माप नव्हे. १९६४ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने जी.आय. जो हा सैनिक बारा इंचांत आणला. केनर कंपनीचे स्टॉर्मट्रूपर, म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधले पांढऱ्या चिलखतातले सैनिक, १९७८ मध्ये पावणेचार इंचांत, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरमध्ये आले. हॅस्ब्रोची सहा इंची ब्लॅक सिरीज २०१३ ची. प्रमाणाच्या भाषेत, म्हणजे मूळ उंचीचा कितवा भाग ते पाहिलं तर, हे ढोबळमानाने अनुक्रमे १/६, १/१८ आणि १/१२. पावणेसहा फुटी, म्हणजे १७५ सें.मी. उंचीचा माणूस १/१२ मध्ये साडेचौदा सें.मी. भरतो आणि १/१८ मध्ये पावणेदहा. पण चिलखतधारी सैनिक मुळातच धिप्पाड असतात. ‘हेलो’ या व्हिडिओ गेममधला मास्टर चीफ चिलखतासह सुमारे सात फूट, म्हणजे १/१२ मध्ये तो पावणेअठरा सें.मी.च्या आसपास यायला हवा. जॉय टॉय कंपनीचे ‘वॉरहॅमर’ या खेळातले स्पेस मरीन सैनिक १/१८ चे असूनही साधारण बारा सें.मी. भरतात, ते याच कारणाने. बारा गुणिले अठरा, २१६ सें.मी. हिशोब जुळतो. म्हणून परीक्षकाने पोलादी पट्टीने तळपायापासून शिरस्त्राणाच्या माथ्यापर्यंत उंची मोजावी (अँटेना धरू नये), ती प्रमाणातल्या खालच्या आकड्याने (१२ किंवा १८) गुणावी आणि तो सैनिक मूळ कथेतल्याइतका उंच आहे की नाही ते सांगावं. फोटो खालून वर काढला की कुठलाही प्यादा सरदार दिसतो. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलं तर प्रश्न मिटतो. त्याचा व्यास २७ मि.मी. आहे आणि ते प्रत्येकाच्या खिशात असतं.

आता जॉइंट. ‘तीस जॉइंट’ या आकड्याने काहीच कळत नाही. चिलखतधारी सैनिकाला तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: दोन्ही हातांनी बंदूक धरणं, ती डोळ्याशी नेऊन नेम धरणं आणि एक गुडघा टेकणं. अडथळा बहुतेक वेळा जॉइंटचा नसतो, चिलखताचा असतो. खांद्यावरचं कवच दंडाला अखंड जोडलेलं असेल तर हात आडवा होण्याआधीच ते शिरस्त्राणाला आपटतं. तेच कवच वेगळ्या बिजागरीवर किंवा मऊ पट्टीवर बसवलेलं असेल, तर हाताबरोबर उचललं जातं. दोन्ही हात छातीसमोर आणायला खांद्याच्या आत आणखी एक जॉइंट लागतो, त्याला संग्राहक बटरफ्लाय म्हणतात. तो नसेल तर सैनिक बंदूक पोटाशी धरून उभा राहतो, लग्नातल्या फोटोत नवरदेव तलवार धरतो तसा. घोटा पुढे-मागे हलतो का, एवढंच पाहून चालत नाही. पाय फाकले की तळवा आडव्या अंगाने कलला पाहिजे, नाहीतर पाऊल कडेवर टेकतं आणि फिगर पडते. जड फिगरमध्ये टकटक आवाज करणारे दातेरी जॉइंट असतात. ते वजन पेलतात खरं, पण ठरावीक कोनातच थांबतात, त्यामुळे नेम दोन बोटं वर नाहीतर दोन बोटं खाली राहतो. हे परीक्षणात यायला हवं.

नवीन फिगर मोडते ती बहुतेक पहिल्या पाच मिनिटांत. कारखान्यात रंग ओला असताना भाग जोडला गेला तर जॉइंटमध्ये रंग सुकून चिकटतो. मालक जोर लावतो, आत पेन्सिलीच्या शिसाएवढी असलेली खुंटी पिळली जाते आणि तुटते. उपाय सोपा आहे. चहाला आधण येण्याच्या बरंच आधीचं, साधारण ६०-७० अंशांचं पाणी घ्यावं आणि अडकलेला भाग त्यात ३०-४० सेकंद धरावा. मग बिजागरी ज्या दिशेला वळते त्याच दिशेला थोडं पुढे, थोडं मागे असं हलवावं. पीळ कधीच देऊ नये. आत दिवा किंवा तार असेल, कापडी अंगरखा असेल, तर पाण्याऐवजी हेअर ड्रायरची हवा वीतभर अंतरावरून २०-३० सेकंद द्यावी. हाताचे पंजे बदलतानाही हेच करावं, कारण मनगटाची खुंटी सगळ्यात बारीक असते. जॉइंट सुटला की सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. ट्रेडमिलच्या पट्ट्याला लावतात तेच. शिवणयंत्राचं तेल लावू नये, ताणाखाली असलेल्या एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकला त्याने बारीक तडे जाऊ शकतात. खोबरेल तेल तर नकोच. ते हिवाळ्यात थिजतं आणि वर्षभर धूळ धरतं.

उलट बाजूला सैल जॉइंट. गोळा खोबणीतून काढावा, त्यावर फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा पातळ थर द्यावा, पूर्ण एक दिवस उघडा वाळवावा आणि मगच बसवावा. जास्त घट्ट झाला तर कोमट पाण्याने थर निघतो. झटपट चिकटणारा गोंद वापरणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्या वाफेने काळ्या चिलखतावर पांढरी छटा धरते, आणि घाई झाली तर जॉइंट कायमचा बसतो. पीओएम नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या खुंट्यांवर मात्र गोंदही टिकत नाही आणि रंगही. तिथे नळाला लावायच्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा बरा.

उष्णतेबद्दल आपल्या परीक्षणांत एक ओळही नसते, म्हणून इथे थोडं सविस्तर. चिलखताचे कडक पत्रे बहुधा एबीएसचे असतात. त्याला आपला उन्हाळा काही करत नाही. पंजे, पट्टे, नळ्या, बारीक बंदुका, कधी कधी घोटेही मऊ पीव्हीसीचे असतात, आणि खरी अडचण तिथे आहे. ४२ अंशांत पीव्हीसी वितळत नाही, पण सततच्या भाराखाली हळूहळू सरकतं. पाठीवर जड पेटी असलेला सैनिक मार्चमध्ये ताठ असतो आणि जूनमध्ये रुकू केल्यासारखा वाकतो. परीक्षकाने फिगरमागे आलेखाचा कागद लावून पहिल्या आणि आठव्या दिवशी माथा कुठल्या रेघेवर आहे ते नोंदवावं. ज्याचा घोटा मऊ आहे त्याला कमरेला आधार देणारा स्टँड द्यावा, नाहीतर उन्हाळाभर आडवा ठेवावा. वाकलेली बंदूक सरळ करायला मात्र हाच गुण कामी येतो. साच्यातून निघालेला आकार पीव्हीसी लक्षात ठेवतं, म्हणून डब्यात दबून वाकलेली नळी गरम पाण्यात धरली की बऱ्याचदा आपोआप सरळ होते. मग लगेच थंड पाण्यात १०-१५ सेकंद.

पार्सल उन्हातून आलं असेल तर दोन तास पंख्याखाली ठेवून मगच उघडावं. अडकलेला भाग मुद्दाम गरम करणं वेगळं; सगळी फिगरच तापलेली असताना जॉइंट हलवला की वाकडा बसतो. ठेवायची जागाही महत्त्वाची. पत्र्याखाली किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर डबे ठेवणं म्हणजे भट्टीत ठेवणं. ज्यांच्याकडे जुनं, मातीचं थंड माळवद अजून शाबूत आहे त्यांच्याइतकं चांगलं संग्रहालय दुसरं नाही. पावसाळ्यात ते गळत नसेल तर.

कूलरची गोष्ट वेगळी. १/६ प्रमाणाच्या महागड्या फिगर्सना कधी कधी कृत्रिम चामड्याचे पट्टे किंवा अंगरखे असतात. त्यावर पॉलियुरेथेनचा लेप असतो, आणि ऊब आणि दमटपणा एकत्र आला की तो आतून विघटित होऊन काही वर्षांत पापुद्रे सुटतात. मराठवाड्याची कोरडी हवा खरं तर या लेपाला चांगली, पण कूलर लावला की खोलीतच दमट उन्हाळा तयार होतो. वर बोअरच्या जड पाण्याचे क्षार काचेवर आणि काळ्या शिरस्त्राणांवर पांढुरक्या थराने बसतात. कूलरच्या झोतात शोकेस नको. कृत्रिम चामडं असलेली फिगर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद कपाटात, पट्टे घडी न पडता, ठेवावी. आणि परीक्षकाने ‘चामड्याचा पट्टा’ असं लिहिण्याआधी ते चामडं आहे की लेप, ते पाहावं.

धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये. आपल्याकडच्या धुळीतले कण शिरस्त्राणाच्या चकचकीत काचपट्टीवर बारीक ओरखडे पाडतात. आधी घड्याळजी वापरतात तो रबरी फुगा, मग मऊ ब्रश. धुवायचीच तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि शेवटचं विसळणं बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याने. बोअरच्या पाण्याने विसळलं तर वाळल्यावर डाग राहतात. स्क्रू असतील तर बुडवू नये, ते गंजतात. थिनर आणि नखांचं पॉलिश काढायचं द्रव एबीएस विरघळवतात. जुनं पीव्हीसी चिकट लागायला लागलं, तर त्यातलं मऊ करणारं द्रव्य वर येत आहे असं समजावं. धुतल्याने ते काही महिने जातं, परत येतं. असा चिकट भाग दुसऱ्या फिगरच्या रंगवलेल्या चिलखताला टेकू देऊ नये, खूण उमटते. आणि आपल्या वृत्तपत्राची क्षमा मागून सांगतो: फिगर वर्तमानपत्रात गुंडाळू नये. पांढऱ्या चिलखतावर शाई उतरते, मग अग्रलेख वाचता येतो.

पांढऱ्या सैनिकांचं पिवळं पडणं हा तर जुना आजार. १९७८ च्या स्टॉर्मट्रूपरपैकी पिवळे न पडलेले वेगळ्या भावाने विकले जातात. उन्हातली अतिनील किरणं हे मुख्य कारण; शोकेस खिडकीसमोर नको, आत एलईडी दिवा चालेल. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा निघतो, पण तो पुन्हा येऊ शकतो, आणि रंगवलेल्या भागावर हा प्रयोग करू नये. शिरस्त्राणात दिवा असेल तर फोटो झाल्यावर बटण-सेल काढून ठेवावेत. ते गळले की आतला क्षार पत्र्या खातो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसता येतं, पण वेळेत लक्षात आलं तर.

नकली मालाबद्दल परीक्षणात दोन ओळी असाव्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. अस्सल माल महागला की ‘फर्स्ट कॉपी’ वाढते. तळपायावर किंवा पाठीवर हक्काची (कॉपीराइटची) ओळ आणि वर्ष कोरलेलं आहे का, ते पाहावं. ते वर्ष अनेकदा साच्याचं असतं, बनवल्याचं नव्हे. अस्सल फिगरवरून साचा काढलेली नक्कल किंचित लहान निघते, कारण प्लास्टिक थंड होताना आकसतं; पंधरा सें.मी.मागे एखादा मि.मी. पट्टीने नाही, व्हर्नियरने कळतं. कडांवर राहिलेले प्लास्टिकचे पापुद्रे आणि उग्र वास या दोन खुणा मात्र उघड्या डोळ्यांना, नाकाला कळतात. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. संग्राह्य फिगर्सचे बारीक भाग लहान मुलाच्या तोंडात जाण्याजोगे असतात, तेव्हा डब्यावरची वयाची सूचना परीक्षणात यावीच.

एक राहून गेलेला विषय म्हणजे घरातले जुने फनस्कूलचे जी.आय. जो. हे भारतातच तयार झाले, आणि परदेशी संग्राहक ते शोधत असतात. त्यांचं धड आणि पाय आतल्या एका रबरी ओ-रिंगवर तोललेले असतात. ती वाळून तुटली की सैनिकाचे कमरेत दोन तुकडे होतात आणि लोक तो टाकून देतात. टाकू नये. पाठीवरचा स्क्रू बरोबर बसणाऱ्या लहान स्क्रूड्रायव्हरने काढावा, रिंगचे तुकडे पंपाचं सामान विकणाऱ्या दुकानात दाखवून त्याच मापाची घ्यावी. जाड रिंग घातली तर छातीची फट मिटत नाही, सैल घातली तर पाय लोंबतात. स्क्रू घट्ट करताना शेवटचा पाव वळसा द्यायचा नाही. पाठ तिथेच तडकते.

आपल्या परीक्षकांनी फिगर परत करण्याची घाई करू नये, एवढी विनंती. दिवाळीत ज्या फिगर्सची परीक्षणं छापली, त्यांच्यावर जूनच्या पहिल्या रविवारी चार-चार ओळींची टीप द्यावी: किती झुकली, कुठे चिकटली, कुठला जॉइंट सैल झाला. तारे मग तेव्हा द्यावेत.

कळावे,
आपले काही संग्राहक वाचक,
छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परभणी