साल सांगणाऱ्या मालिका आणि आपले जुने अंक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश मालिकांवर जो लेख आला होता तो आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या नाटकवाल्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचला, आणि त्यावर जी वादावादी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही, म्हणून हे पत्र. लेखकाचं म्हणणं असं की पोरांना ह्या मालिकांतली मारामारी, शिव्या, सिगारेटी आणि टोप्या आवडतात, बाकी त्यात घेण्यासारखं काही नाही. मला हे अजिबात पटलं नाही.

आमचा ग्रुप म्हणजे जत्रेच्या नाटकासाठी दरवर्षी जमणारी माणसं. कुणी बँकेत, कुणी शाळेत, दोघे पूर्वी खाणीवर ट्रक असलेले, बाकी कॉलेजची पोरं, आणि मी प्रॉम्प्टिंग करते. तालीम संपली की भाजीपाव आणि चहा आणि मग रात्री साडेअकरापर्यंत ह्याच मालिकांची चर्चा. त्यात मारामारीबद्दल कुणी दोन वाक्यंसुद्धा बोलत नाही हो. बोलतात ते घरभाडं कसं भरलं, नोकरी कुणाची गेली, पोलिसांनी कुणाला सोडलं आणि का सोडलं.

सुरुवात बहुतेकांची पीकी ब्लाइंडर्सपासून झाली हे खरं, गुंडांच्या टोळीची मालिका ती. २०१३ ते २०२२ मध्ये सहा सीझन आले, बर्मिंगहॅम शहर, गोष्ट सुरू होते १९१९ मध्ये. दिसायला ती एवढी देखणी आहे की कॉलेजच्या पोरांनी तशा टोप्या मागवल्या, त्यात काही गैर नाही. पण खरी टोळी १८९० च्या आसपासची, पहिल्या महायुद्धाच्या आधीच तिचा जोर ओसरला होता, आणि टोपीत ब्लेड शिवायची गोष्ट इतिहासकार दंतकथाच मानतात. माझ्या मते त्या मालिकेतलं सगळ्यात खरं काही असेल तर तो पहिला सीझन, टोळीचा म्होरक्या टॉमी शेल्बी महायुद्धात फ्रान्समध्ये जमिनीखाली बोगदे खणून परत आलाय आणि रात्री त्याला भिंतीपलीकडून फावड्यांचे आवाज ऐकू येतात. लढाईवरून परत आलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते तेवढ्यात कळतं. पुढे पुढे मालिका जास्त चकचकीत झाली आणि साल मागे पडलं, असं मला तरी वाटतं, पोरांना नाही वाटत.

साल मागे पडणं हाच माझा मुद्दा आहे. चांगली मालिका ती जिच्यातली गोष्ट त्याच साली घडू शकते, पाच वर्षं मागे-पुढे केलं तर घडणारच नाही. ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ, बीबीसी टू वर १९९६ मध्ये आलेली. नऊ भाग, आणि प्रत्येक भागाचं नाव म्हणजे फक्त एक साल, १९६४ पासून १९९५ पर्यंत. न्यूकॅसलचे चार मित्र-मैत्रिणी, निकी, जॉर्डी, मेरी आणि टॉस्कर, तरुण असतात तिथून केस पांढरे होईपर्यंत. (जॉर्डीचं काम करणारा डॅनियल क्रेग, तेव्हा त्याला कोण ओळखत होतं!) मेरीला सरकारी टॉवरमध्ये नवा कोरा फ्लॅट मिळतो, केवढा आनंद, आणि मग भिंतींना ओल येते, बुरशी धरते, पुसली तरी परत येते. ती ओल कुठून आली हे शोधत शोधत गोष्ट थेट कौन्सिलच्या पुढाऱ्यापर्यंत आणि बिल्डरपर्यंत जाते. हे हवेतलं नाही, न्यूकॅसलचा खरा पुढारी टी. डॅन स्मिथ आणि आर्किटेक्ट जॉन पोलसन दोघेही १९७४ मध्ये लाचलुचपतीच्या प्रकरणात तुरुंगात गेले होते. आणि आम्हा नाटकवाल्यांना ज्याचं विशेष वाटलं ते असं की हे मुळात पीटर फ्लॅनरीचं नाटक होतं, १९८२ मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनीने केलेलं, नंतर टीव्हीवर यायला इतकी वर्षं लागली त्याचं एक कारण म्हणजे बीबीसीला कोर्टकचेरीची भीती होती. स्टेजवरून उचललेली गोष्ट आहे ही, म्हणजे आपल्यासारख्यांना अशक्य नाही.

लाइफ ऑन मार्सवर आमच्यात सरळ दोन पार्ट्या आहेत. २००६ ची मालिका, आजचा पोलीस अधिकारी सॅम टायलर गाडीखाली येतो आणि जागा होतो तो १९७३ च्या मँचेस्टरमध्ये, वरचा साहेब जीन हंट, जो संशयिताला आधी बडवतो आणि मग विचारतो. पोरांना जीन हंट प्रचंड आवडतो, डायलॉग पाठ आहेत. मला तो नट आवडतो, माणूस नाही. त्या चौकीत ॲनी नावाची बाईपोलीस आहे, डोक्याने सगळ्यांच्या पुढे, आणि तिला काय ऐकून घ्यावं लागतं ते बघा एकदा नीट, मग सांगा जुने दिवस किती छान होते. मालिका हे लपवत नाही म्हणून ती मला चांगली वाटते, जीन हंट हसवतो म्हणून नाही.

पण खरी चर्चा पेटली ती शेरवुडवरून. ही जेम्स ग्रॅहमची २०२२ ची, नॉटिंगहॅमशायरमधल्या कोळसा खाणीच्या गावातली. गोष्ट अलीकडची, पण गावाचं सगळं दुखणं १९८४ चं. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर तिकडे खाणकामगारांचा संप झाला, सरकार खाणी बंद करणार म्हणून, आणि नॉटिंगहॅमशायरमध्ये बहुतेकजण कामावर जातच राहिले. मग कोण संपात होता आणि कोण कामावर गेला, ह्यावरून शेजारी शेजाऱ्याशी तीस-तीस वर्षं बोलत नाहीत, सख्ख्या बहिणी बोलत नाहीत. हे साखळीत बसून बघताना काय वाटतं ते पणजीत बसून कळणार नाही. आमच्याकडे सप्टेंबर २०१२ मध्ये लोखंडाच्या खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या. तिकडे कामगार विरुद्ध सरकार होतं, आमचं तसं सरळ नव्हतं हे मला मान्य आहे. आमच्याकडे एकाच वाड्यावर एकाचा ट्रक बँकेच्या हप्त्यावर उभा आणि दुसऱ्याच्या शेतात खाणीची माती वाहून आलेली, विहीर आटलेली, आणि दोघांचंही खरं. आमच्या ग्रुपमधल्या ज्या काकांचे ट्रक होते ते एरवी मालिका बघताना मोबाईल खेळवत असतात, त्या दिवशी त्यांनी पोराला थांबवायला लावलं, तो सीन परत लाव म्हणाले, ज्यात एक माणूस समोरून दुसरा येताना बघून रस्ता बदलतो. आणि म्हणाले, "हे तर आमचंच मरे." मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, बँकेचा माणूस कधी आला, ट्रक कितीला गेला, चतुर्थीला कुणाच्या घरी जायचं बंद झालं. शेतकऱ्याकडच्या बाजूची एक मुलगी तिथेच बसली होती, तिने तिच्या आजोबांची बाजू सांगितली. इतकी वर्षं एकत्र नाटक करतोय, हे बोलणं कधी झालं नव्हतं. आणि लेखक म्हणतात घेण्यासारखं काही नाही.

अजून एक सांगायलाच हवं. इट्स अ सिन, २०२१ ची, पाच भाग, १९८१ ते १९९१ चं लंडन, एड्सने मरणारी तरुण पोरं. त्यात कॉलिन नावाच्या एका साध्या, लाजऱ्या मुलाला कायद्याचा आधार घेऊन हॉस्पिटलच्या खोलीत कोंडून ठेवतात. कॉलेजची मुलं म्हणाली, असं कसं कोण करेल, हे जरा जास्तच दाखवलंय. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे आपल्या म्हापशात झालंय. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा हा पर्राचा तरुण, रक्तदान करणारा, एचआयव्ही निघाला म्हणून पोलिसांनी उचलला आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली जुन्या टीबी हॉस्पिटलमध्ये ६४ दिवस एकटा ठेवला. त्याच्या आईने हायकोर्टात याचिका केली. सुटल्यावर तो एड्सग्रस्तांसाठी काम करत राहिला आणि १९९२ मध्ये गेला. ज्या मुलांना लंडनच्या कॉलिनसाठी रडू आलं ती म्हापशाला दर शुक्रवारी बाजाराला जातात, आणि त्यांना हे माहीत नाही, ह्यात त्यांची काय चूक?

आता कुणी म्हणेल मालिकेने काय बदलतं. तिकडे जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीवर मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस आली, चार भागांची. कॉम्प्युटर सिस्टीमच्या चुकीमुळे पोस्ट चालवणाऱ्या साध्या माणसांवर चोरीचे आळ आले होते, १९९९ पासून पुढे ९०० च्या वर लोकांना शिक्षा झाल्या होत्या. हे गुपित नव्हतं, कॉम्प्युटर वीकलीने २००९ मध्येच छापलं होतं. पण मालिका आली आणि सगळा देश पेटला, आणि मे २०२४ मध्ये त्या शिक्षा रद्द करणारा कायदा पार्लमेंटने केला. म्हणजे आधी बातमीदाराने लिहून ठेवलं होतं, म्हणून नंतर नाटककाराला लिहिता आलं.

म्हणूनच मी आपल्याला लिहितेय, टीव्हीवाल्यांना नाही. आपल्याकडे जत्रेला, कला अकादमीच्या स्पर्धेला इतकी मराठी नाटकं होतात, पण शिवाजी महाराज आणि पेशवे सोडले तर साल असलेलं नाटक किती? ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला, बांधून वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती, आणि मग पणजी-बेती फेरीबोटीवर माणसांनी वर्षानुवर्षं काढली, ऑफिस, बाळंतपणं, परीक्षा सगळं त्या रांगेत. एवढी जिवंत गोष्ट पडून आहे. बसच्या अर्ध्या तिकिटासाठी विद्यार्थी १९७८-७९ मध्ये रस्त्यावर आले होते, त्याची गोष्ट. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी ह्या आंदोलनात १९८६-८७ ला घराघरात जे झालं ते तर आम्ही सगळे टाळतो, मराठीवालेही आणि कोंकणीवालेही, आणि टाळतो म्हणूनच ते कुणीतरी लिहायला हवं, दोन्ही बाजूंनी, आणि त्यात माणसं जशी बोलतात तशी बोलू द्यावीत, घरात कोंकणी, देवळात मराठी, सगळ्यांना पुण्याची भाषा देऊ नये.

आमच्यातल्या दोन मुलांनी पुलाच्या रांगेवर एकांकिका लिहायला घेतलीय. अडतं कुठे सांगते. फेरीबोट रात्री किती वाजेपर्यंत असायची, तेव्हा मासळी काय भावाने होती, सिनेमाला काय लागलं होतं, पावसात फेरी बंद झाली तर लोक कुठे झोपायचे. मोठ्यांना विचारलं तर प्रत्येकजण वेगळं सांगतो. हे सगळं आपल्या जुन्या अंकांत आहे, बातम्यांत कमी आणि जाहिरातींत, वाचकांच्या पत्रांत, मृत्यूच्या नोंदींत जास्त. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, पण साखळी, सांगे, काणकोणच्या मुलाने तालीम, कॉलेज सांभाळून तिथे किती खेपा मारायच्या?

माझी विनंती अशी की आठवड्यातून एकदा, पुरवणीच्या शेवटच्या पानावर, साठ ते नव्वदच्या दशकातलं एक जुनं पान जसंच्या तसं छापावं, भावफलक आणि छोट्या जाहिरातींसकट, नीट वाचता येईल अशा साईझमध्ये. आणि खाली वाचकांना लिहायला जागा द्यावी, त्या दिवशी तुम्ही कुठे होता एवढंच. सुरुवात जुलै १९८६ च्या पहिल्या पंधरवड्यापासून केलीत तर आमच्या पोरांचं काम लगेच होईल, त्यांना एकांकिका डिसेंबरच्या आत बसवायची आहे.

आपली,
एक वाचक, साखळी