लेकीच्या पहिल्या युरोपप्रवासाविषयी

लातूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

20 ते 30 मार्चच्या प्रवासाचा तुझा आराखडा मी आणि तुझ्या आईने दोनदा वाचला. रोम, व्हेनिस, पॅरिस, ब्रुसेल्स आणि ॲमस्टरडॅम ही पाच शहरे इतक्या दिवसांत बसवलीस, तर निम्मा वेळ सामान उचलण्यात आणि स्थानके गाठण्यात जाईल. माझे ऐकशील तर रोमला पाच आणि पॅरिसला चार मुक्काम कर, बाकीचे पुढच्या खेपेस ठेव.

ॲमस्टरडॅम सोडवत नाही ते ट्यूलिपमुळे, हे मला ठाऊक आहे. परंतु क्यूकेनहोफची बाग मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडत असली, तरी छायाचित्रांत दिसणारी रंगीत पट्ट्यांची शेते साधारणपणे एप्रिलच्या मध्यास बहरतात. आपल्याकडे ज्वारीची काढणी चालू असते आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते, म्हणून मार्च म्हणजे ऊन असे आपल्या मनात बसलेले असते. पॅरिसमध्ये मात्र तेव्हा दिवसाचे तापमान 12 अंशांच्या आसपास असते आणि पाऊसही येतो. एका जाड कोटावर विसंबू नकोस, एकावर एक घालता येतील असे कपडे आणि पाणी न शिरणारे बूट घे. इतकी वर्षे वर्गात भूगोल शिकवताना जे फळ्यावर काढून दाखवले, ते तू प्रत्यक्ष पाहशील, याचा मला फार आनंद आहे: 21 मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सगळीकडे जवळजवळ सारखी असते आणि पुढे लातूरचा दिवस रोज जेमतेम एक मिनिट वाढतो, तर पॅरिसचा साडेतीन मिनिटांहून अधिक.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे करावा लागतो. म्हणजे तुझा इटलीकडे. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी द्यावाच लागतो, पण तू डिसेंबरातच दे. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा आणि पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान तीन महिने शिल्लक हवी. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नकोस, हे मी आग्रहाने सांगतो.

आईने तूप आणि पेढे बांधायचे ठरवले होते, परंतु बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. त्यामुळे आता शेंगदाण्याची चटणी आणि पहिल्या दोन दिवसांपुरते धपाटे. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, तेवढे पाहून दिवस ठरव.

शेवटची गोष्ट घड्याळाची. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता तिकडची घड्याळे एकदम तीनवर नेतात. मोबाइल आपोआप बदलेल, हातातले घड्याळ तुला बदलावे लागेल. त्या सकाळी गाडी किंवा विमान असेल तर आदल्या रात्रीच बदल. त्या दिवसापर्यंत तुझ्याकडे संध्याकाळचे सहा वाजतील तेव्हा येथे रात्रीचे साडेदहा झालेले असतील, पुढे साडेनऊ. आई दोन्ही वेळांना जागीच असेल, तू फोन कर.

तुझे
अण्णा