साथीचा कायदा अजून १८९७ चाच

महोदय,

साथरोग कायदा १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबई-पुण्यातल्या प्लेगसाठी घाईने झाला. मूळ कलमे अवघी चार. कलम २ म्हणते, नेहमीचे कायदे अपुरे वाटले की सरकारने नियम काढावेत. ‘धोकादायक साथ’ म्हणजे काय, याची व्याख्या नाही. आदेश किती दिवस चालेल, त्यामागे कोणत्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला होता, हे सांगण्याचेही बंधन नाही. कलम ४ मात्र सद्‌हेतूने काम करणाऱ्याला खटल्यापासून वाचवते. पुण्यात गोरे सोजीर घरोघर शिरले ते याच बळावर. त्याच वर्षी जूनमध्ये गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हाही आपण हीच वही उघडली. आदेश मोडला की तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम १८८ लागे, म्हणजे सरकारी आदेश न पाळण्याचा गुन्हा. पण तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ नुसार त्यासाठी संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार न्यायालयात जावी लागे. नुसता पोलिसांनी गुन्हा नोंदवून भागत नसे. म्हणजे दंडुका जागच्या जागी बसे, खटला पुढे लटके. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्याला पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद आणली. ते योग्यच. नागरिकाच्या पदरात काय पडले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८६ व्या अहवालात या कायद्याचा फेरविचार सुचवला. सुधारित कायद्यात तीन गोष्टी घाला: प्रत्येक आदेश ३० दिवसांत आपोआप संपावा, सोबत आरोग्य अधिकाऱ्याचे लेखी मत छापावे, आणि प्रभागवार चाचण्या, मृत्यू व रिकाम्या खाटा रोज जाहीर कराव्यात. आकडा दडवणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ४ चे कवच नको.

— सार्वजनिक आरोग्याचे काही अभ्यासक, पुणे