नॅशनल गॅलरीतल्या त्या बाईंना

नमस्कार,

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे जाहीर पत्र.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत देलारोश या फ्रेंच चित्रकाराच्या 'लेडी जेन ग्रेचा शिरच्छेद' या चित्रासमोर आमच्या गाइडने घाईघाईत उरकलं: इंग्लंडची नऊ दिवसांची राणी, 1554 मध्ये शिरच्छेद, चला पुढे. तो वाकलेला माणूस तिच्या इतक्या जवळ का, असं मी विचारलं, तर म्हणाला, चित्रच खोटं आहे, शिरच्छेद उघड्यावर झाला होता. पैसे मोजून मिळालेलं हे उत्तर! अजूनही राग येतो.

तुमचं काम दालनावर लक्ष ठेवायचं. तरी तुम्ही उठून आलात, माझ्या डोळ्यांसमोर आपला तळहात उभा धरलात आणि त्या माणसाला झाकून टाकलंत. म्हणालात, आता बघा.

डोळ्यांवर पट्टी, अंगात पांढरं साटीन, खाली पेंढा, आणि हवेत चाचपडणारे दोन हात. सतरा वर्षांची पोर आणि कुऱ्हाडवाला, एवढंच उरलं. मला बघवेना. मग तुम्ही हात काढलात, आणि तिला जिथे कैदेत ठेवलं होतं त्या टॉवर ऑफ लंडनचा अधिकारी जॉन ब्रिजेस तिला सावरत ओंडक्याकडे नेताना दिसला.

त्या तळहाताने जे उलगडलं, ते तासाभराच्या व्याख्यानाने उलगडलं नसतं.

उघड्यावरचा प्रसंग दगडी काळोखात नेला तो मुद्दाम, सगळा उजेड तिच्यावर पडावा म्हणून, हे तुम्हीच सांगितलंत. 1834 मध्ये पॅरिसच्या सलों या चित्रप्रदर्शनात लोकांनी चित्रापुढे गर्दी केली. त्यांच्या स्वतःच्या राणीला, मारी आंत्वानेतला, गिलोटिनवर चढवून तेव्हा जेमतेम चाळीस वर्षं झाली होती. आणि ते चाचपडणं चित्रकाराच्या मनचं नाही. ओंडका हाताला लागेना तेव्हा 'आता काय करू? कुठे आहे तो?' असं तिने विचारल्याची नोंद आहे. तेव्हा जवळच्या कुणीतरी तिला हाताला धरून नेलं. देलारोशने ते काम ब्रिजेसला दिलं. त्याच्या विनंतीवरून जेनने आपल्या प्रार्थनापुस्तकात त्याच्यासाठी चार ओळी लिहिल्या होत्या, ते पुस्तक ब्रिटिश लायब्ररीत आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

ब्रिजेस तिला वाचवू शकत नव्हता. हुकूम पाळणं भागच होतं. पण ती चाचपडत असताना नुसतं बघत उभं राहणं त्याला जमलं नाही, निदान या चित्रातल्या ब्रिजेसला तरी. आपल्या कामात न बसणारी एवढीशी गोष्ट करणारी माणसं मला फार मोठी वाटतात. ताई, तुम्ही त्यांतल्या.

मनापासून आभार. आणि तुमच्या वरिष्ठांच्या वाचनात हे आलंच, तर त्या दालनातून तुम्हाला हलवू नये एवढी विनंती.