चाळीस नंबरचा रकाना

प्रिय रेकॉर्डकीपर,

तुझं पत्र मिळून तीन महिने होऊन गेले. उत्तर दिलं नाही म्हणून तू शिव्या घातल्या असशील, त्या पोचल्या. पण एक प्रकरण हातात होतं आणि निकाल लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. आता लागला. तेव्हा चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

इथे ओहायोत मुलाकडे आल्यापासून माझी खरी गट्टी जमली ती व्याह्यांशी. लग्नात अमेरिकन माणसाचा मानपान करायचा तरी कसा, या विवंचनेत मी होतो. या गृहस्थांनी मला सरळ गॅरेजमध्ये नेलं आणि हातात पाना दिला. तिथेच जमलं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे; त्यांचं बोलणंही मोजकंच, त्यामुळे गैरसमजाला फारसा वाव नाही. वय सत्त्याहत्तर. विशीत असताना सक्तीच्या भरतीत नाव निघालं आणि ऑगस्ट १९६८ ते ऑगस्ट १९६९ असं एक वर्ष व्हिएतनाममध्ये काढून आले.

एके दिवशी स्क्रू शोधताना एका खणातून जुन्या मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. उघडलं तर पदक. जांभळं, हृदयाच्या आकाराचं, मधोमध जॉर्ज वॉशिंग्टनचा सोनेरी चेहरा. पर्पल हार्ट. लढाईत शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला मिळतं ते. मी म्हटलं, हे असं मोज्यात? त्यांनी ते माझ्या हातून घेतलं, पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाले, "कागदावर नाही ते."

गड्या, हे वाक्य मी या देशात ऐकेन असं वाटलं नव्हतं. कब्जा आहे, उतारा नाही! आपण दोघांनी उभी हयात ज्यावर काढली तीच भानगड.

मग हळूहळू हकिकत कळली. मार्च १९६९ मध्ये तोफगोळ्याची कपची डाव्या हातात घुसली, कोपराच्या खाली. इस्पितळात एक अधिकारी आला, खाटांच्या रांगेतून चालत गेला, एकेकाच्या उशीवर पदक लावलं, हात मिळवला, पुढच्या खाटेकडे. तीन आठवड्यांनी हे परत तुकडीत. त्या इस्पितळात निघालेल्या आदेशाची नक्कल यांच्या सेवापुस्तकात येऊन पडायला हवी होती, ती आलीच नाही. ऑगस्टमध्ये घरी परतताना कुणा कारकुनानं त्यांचा डीडी २१४ टंकला. हा एक कागद म्हणजे इथल्या माजी सैनिकाचा सातबारा. सरकारी इलाज, घरकर्ज, मेल्यावर पेटीवर घालायचा झेंडा, सगळं यावरून. त्यात २४ नंबरची चौकट पदकांची. यांच्या चौकटीत तीन पदकं होती, व्हिएतनामला गेलेल्या जवळपास प्रत्येकाला मिळणारी. पर्पल हार्ट नाही. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, घरी जायची घाई. वाचलंच नाही. सही ठोकली आणि बस पकडली.

पुढे बऱ्याच वर्षांनी माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात ते लावून गेले, तर कुणीतरी विचारलं, "हे तुझ्या टू-फोर्टीनवर आहे ना?" विचारणाऱ्याचाही फार दोष नाही. खोटी पदकं मिरवणाऱ्यांचा इथे एवढा सुळसुळाट की २००६ मध्ये त्यावर कायदा झाला. नुसतं खोटं बोलणं हा गुन्हा होऊ शकत नाही म्हणून सुप्रीम कोर्टानं तो २०१२ मध्ये रद्द केला आणि २०१३ मध्ये दुसरा आला, लाभासाठी थाप मारणाऱ्यांपुरता. पण यांना कायद्याची नव्हे, त्या नजरेची भीती. त्याच संध्याकाळी पदक मोज्यात गेलं.

मी विचारलं, दुरुस्ती का नाही मागितली? म्हणाले, मागून काय उपयोग, माझे कागद जळाले. हे त्यांना सत्तरच्या दशकात कुठल्याशा खिडकीमागच्या माणसानं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते आजवर धरून ठेवलं.

आता जळाल्याची गोष्ट खोटी नाही. सेंट लुइसजवळ सैनिकांच्या नोंदींचं राष्ट्रीय केंद्र आहे. १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर त्याच्या सहाव्या मजल्याला आग लागली. पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणाच त्या मजल्यांवर नव्हती. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही, काय गेलं त्याची यादीसुद्धा नाही. (वाचताना मला तूच दिसत होतास, आपल्या खोलीच्या दारात वाळूची बादली ठेवून बसलेला. आम्ही हसायचो तुला.) आग विझवायच्या पाण्यानं जे भिजलं ते हवा काढून घेतलेल्या मोठ्या कोठ्यांमध्ये वाळवलं, आणि अर्धवट करपलेली पानं आजही कोणी मागितली तर तिथली माणसं हातमोजे घालून उलगडतात.

पण बाबा, मी कारकून. मी तारखा बघतो. भूदलाच्या ज्या फायली जळाल्या त्या १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्यांच्या. व्याही सुटले १९६९ मध्ये! मी तीनदा वाचलं, मग सूनबाईकडून वाचून घेतलं. यांचे कागद त्या आगीत असायचं कारणच नव्हतं. एका माणसानं न बघता उत्तर दिलं, दुसऱ्यानं ते खरं मानलं, आणि मधे पन्नास वर्षं गेली.

रात्रीच अर्ज केला. त्यासाठी १८० नंबरचा नमुना आहे, ऑनलाइनही होतं, आणि स्वतः सैनिकानं मागितलं तर फी नाही. मी फक्त एवढं बघितलं की "पदकांची माहिती द्या" असं मोघम न लिहिता संपूर्ण सेवाफाइलीची नक्कल मागितली. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं, हे तुला मी सांगायला नको.

नकला आल्या त्या दिवशी आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. बरेच कागद होते. लसीकरण, पगार, बढती, एक शिक्षासुद्धा, उशिरा परतल्याची. तिच्यावर ते पहिल्यांदा मनापासून हसले. आणि मग डीए २०. हा भरतीपासून सुटकेपर्यंत सैनिकाच्या मागे फिरणारा तक्ता, दोन्ही बाजूंनी रकाने. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या यंत्रांवर टंकलेला, त्यामुळे अक्षरं कुठे ठळक, कुठे पुसट. ४१ नंबरच्या रकान्यात पदकं: तीच तीन. मी नजर वर नेली. त्याच्या लगत ४० नंबरचा रकाना, जखमांचा. त्यात एकच ओळ. कपचीची जखम, डावा हात, तारीख, मार्च ६९. 'ई' या अक्षराच्या पोटात शाई भरलेली, काळा ठिपका झालेला. कारकुनानं ब्रश मारला नव्हता बऱ्याच दिवसांत.

मी बोट ठेवलं. ते बघत राहिले. मग बाही वर करून हात कागदाशेजारी ठेवला, जणू नक्कल मुळाबरहुकूम आहे का ते ताडून बघताहेत. वाटाण्याएवढा खळगा आहे तिथे. इतक्या दिवसांत मला दिसला नव्हता.

चाळीस भरला, एक्केचाळीस राहिला. जेवणाची सुट्टी झाली असेल. कुणी हाक मारली असेल. त्याची बदली झाली असेल. मला त्या कारकुनाचा राग येईना, हेच मला विचित्र वाटलं.

बाकीचं काम मग चढत्या भाजणीनं. तो तक्ता, डीडी २१४ आणि त्या दिवसाचा मॉर्निंग रिपोर्ट. मॉर्निंग रिपोर्ट म्हणजे तुकडीचा रोजचा हजेरीपट: कोण आलं, कोण इस्पितळात गेलं, कोण परतलं. त्यात यांचं नाव इस्पितळात गेलेल्यांत निघालं. पर्पल हार्टसाठी नुसतं "मी जखमी झालो" चालत नाही. जखम शत्रूमुळे झाली, तिला वैद्यकीय इलाज लागला आणि त्या इलाजाची दप्तरी नोंद झाली, तिन्ही जुळावं लागतं. सोबत लढलेल्या एका मित्राचं लेखी निवेदन घेतलं, पण भरवसा कागदांवर ठेवला. शौर्यपदकाचं वेगळं: त्याची कुणीतरी शिफारस करावी लागते आणि मुदत उलटून गेली असेल तर इथल्या संसदेच्या सदस्यामार्फत जावं लागतं. हे पदक तसं नाही. अटी पुऱ्या झाल्या की ते तुमचं, शिफारस लागत नाही.

हे सगळं डीडी १४९ नावाच्या अर्जाला जोडून नोंददुरुस्ती मंडळाकडे. अर्जात मुदत वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला: चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षं. मग खाली दिसलं की न्यायाच्या दृष्टीनं मंडळ उशीर माफ करू शकतं. म्हणजे आपला विलंबमाफीचा अर्जच! त्या परिच्छेदावर मी चार दिवस घालवले. साहेबांनी पाहिला असता तर एखादी वेतनवाढ दिली असती. मंडळ सुरुवात करतं ती कार्यालयानं जे केलं ते बरोबरच होतं असं धरून. चुकलं हे दाखवायचं ओझं अर्जदारावर. त्यातही एक गंमत. मंडळावर बसतात ते नागरी लोक, गणवेशातले नव्हेत. आणि १९४६ पूर्वी तर अशी दुरुस्ती हवी असेल तर त्या एका माणसासाठी संसदेत खासगी विधेयक आणावं लागे. एका ओळीसाठी कायदा! तेव्हा आपण म्हणायचो तितकी काही आपलीच पद्धत वाकडी नाही.

हात घातलाच आहे तर पूर्ण चाळून घेऊ म्हटलं. व्हिएतनाम सेवा पदक होतं, पण त्याच्या फितीवरचे कांस्य तारे नोंदलेच नव्हते. एका मोहिमेला एक तारा. मी यांच्या तारखा मोहिमांच्या तक्त्याशेजारी मांडल्या. चार मोहिमांत बसतात, चार तारे. दक्षिण व्हिएतनाम सरकारनं तिथल्या अमेरिकी भूदलाच्या तुकड्यांना दिलेला गॅलंट्री क्रॉस हा तुकडीसन्मान तर १९७४ च्या आदेशानं सरसकट लागू झाला. १९६९ च्या कागदावर तो येणार कुठून? त्यात कुणाचीच चूक नाही. तेही मागितलं. सहीची जागा मात्र मी सोडून दिली. त्यांनी दोन दिवस पेन उचललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्ज सही करून माझ्या चपलेवर ठेवलेला होता.

पहिल्या अर्जापासून दीड वर्ष लागलं. गेल्या आठवड्यात डीडी २१५ आला. हे शुद्धिपत्रक. जुना डीडी २१४ पुन्हा टंकून देत नाहीत. तो चुकीसकट तसाच राहतो आणि हे पान त्याला जोडायचं. २४ नंबरच्या चौकटीत वाढवा, म्हणून खाली ओळी. पहिली ओळ पर्पल हार्ट. व्याह्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. कुणाला फोन केला नाही. मग खणातून स्टेपलर काढला आणि दोन्ही कागद जुळवून धरले. मी ओरडलोच! मूळ कागदाला पिन? त्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं, आणि मी पळत जाऊन माझ्या पेटीतला टॅग आणला, भोकाला हिरवा दोरा असलेला तो. तूच निरोपाला दिलेल्या गठ्ठ्यातला. पदक अजून मोज्यातच आहे. पण मोजा आता वरच्या खणात आहे.

आता मूळ कामाचं. तुला तो मुंडासेवाला आठवतो? १९८६-८७ असेल. कुळाच्या नोंदीत वडिलांचं नाव होतं म्हणायचा, तीन खेपा झाल्या होत्या. त्या वर्षांच्या कागदांचा बांधलेला एक रुमाल वरच्या फळीवर होता, तो आपण सोडलाच नाही. "सदर नोंद आढळून येत नाही" हा शिक्का आपण दोघांनी हौसेनं करून घेतला होता, नवाकोरा होता. तिसऱ्या खेपेला मी तो मारला, तू सही केलीस. शिडी मोडलेली होती, हे खरं आहे. पण शेजारच्या खोलीत टेबल होतं.

तुझी तिथे अजून ओळख असेल. गेलास तर तो रुमाल बघ. गावाचं नाव माझ्या लक्षात आहे, फोनवर सांगतो. गट नंबर आठवत नाही, पण आवकची वही माझ्या हातची आहे. त्या पावसाळ्यातली पानं चाळ, तीनही अर्ज सापडतील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
आवक-जावक