आरोग्यमंत्री साहेब, माझी फाइल बंद झाली, झडप अजून गळतेय

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मंगळवारी पहाटेच्या डहाणू लोकलने मी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात हृदयाच्या एमआरआयसाठी गेले. तारीख पाच महिन्यांपूर्वी मिळालेली. खिडकीवरच्या बाईंनी केसपेपर चाळला. म्हणाल्या, "हे बालकांच्या योजनेतलं आहे. तुझी 18 वर्षं झाली." जन्मजात आजार आहे, साहेब. 18 झाली म्हणून तो घर सोडून जातो का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये देशासाठी सुरू झाला तो आमच्या पालघरातून. पुढच्याच वर्षी तपासणीची गाडी शाळेत आली आणि निळे ओठ बघून मला रांगेतून बाजूला काढलं. फॅलोची टेट्रालॉजी, म्हणजे हृदयातला जन्मजात दोष. ऑपरेशन फुकट झालं, ते उपकार मरेपर्यंत विसरणार नाही. (मरण कधी, हाच तर प्रश्न आहे.) नंतर एका पुढाऱ्यांनी व्यासपीठावर गुलाब देऊन फोटो काढला. आईने तो देवघराशेजारी लावलाय.

त्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही. ऑपरेशनमध्ये हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोठी करताना तिथली झडप कामातून जाते. रक्त मागे येतं, हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षं फुगत राहतो. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तो कप्पा धड मोजता येत नाही, त्याला एमआरआयच लागतो. झडप वेळेत बदलली तर ठीक. उशीर झाला की कप्पा आटत नाही आणि ठोके बिघडतात. काही जण तर उभ्या उभ्या कोसळतात.

महात्मा फुले योजनेत विचारा म्हणाले. विचारलं. ऑपरेशन ठरलं तर तपासणी पॅकेजमध्ये बसेल! अहो, एमआरआय झाल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन ठरवणार कसं? बाहेर चौदा हजार सांगतात. मी बोईसरला रोजंदारीवर आहे.

देशात वर्षाला दोन लाखांवर बाळं हृदयात दोष घेऊन जन्मतात म्हणे. ऑपरेशन झालेली किती, ते तुमच्या जाहिरातीत असतं. त्यांतली किती जण तिशीला पोचली, हा रकाना कुठे आहे? फीत कापायला सगळे हजर, पुढे मशीन चालतंय का ते बघायला कोणी नाही. रस्त्याचं तेच, शाळेचं तेच. तुम्हा लोकांच्या छातीत कळ आली की मात्र पाच मिनिटांत खासगी रुग्णालयाचा मजला रिकामा होतो.

18 वर्षांवरच्यांसाठी याच तपासणीची सोय करा, एवढंच मागणं होतं. लिहिता लिहिता वाढलं.

मला फेब्रुवारीतली नवी तारीख दिलीय. त्या दिवशीचा खाडा साडेचारशेचा. येऊ की नको, तेवढं आधी कळवा.

तुमच्या यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक,
सफाळे, जि. पालघर